कॉलेज संपल्यावर कॉलेजच्या ईमेलचं काय होतं?

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागतो, मार्कशीट हातात येते आणि काही महिन्यांनी एक दिवस गिटहबचा पासवर्ड आठवत नाही. 'फरगॉट पासवर्ड' दाबलं की नवीन पासवर्डची लिंक जाते ती कॉलेजने दिलेल्या ईमेलवर. आणि तो ईमेल मधल्या काळात बंद झालेला असतो. आपण केलेले प्रोजेक्ट समोर दिसतात, पण त्यात एक ओळही बदलता येत नाही.

ही वेळ येते कारण कॉलेजचा ईमेल दिसायला आपल्या नेहमीच्या जीमेलसारखा असला, तरी त्याचा मालक विद्यार्थी नसतो.

खातं नक्की कोणाचं?

विद्यापीठं आणि कॉलेजं सहसा 'गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन' किंवा 'मायक्रोसॉफ्ट ३६५ एज्युकेशन' वापरतात. भारतात अशा पत्त्याच्या शेवटी बऱ्याचदा 'डॉट एसी डॉट इन' किंवा 'डॉट ईडीयू डॉट इन' असतं. ही नावं कोणालाही विकत घेता येत नाहीत. 'अर्नेट इंडिया'मार्फत ती शैक्षणिक संस्थांनाच मिळतात. म्हणूनच विद्यार्थी सवलत देणाऱ्या कंपन्या या पत्त्यावर चटकन विश्वास ठेवतात.

महाराष्ट्रात बहुतांश विद्यार्थी संलग्न कॉलेजांत शिकतात, त्यामुळे ईमेल विद्यापीठाऐवजी कॉलेजकडून मिळालेला असतो. २०२० मध्ये लेक्चर ऑनलाइन झाली तेव्हा अनेक ठिकाणी ही खाती घाईघाईत उघडली गेली. पासवर्ड मिळाला, वर्ग सुरू झाले. खातं किती दिवस चालणार, हे विचारायला तेव्हा कोणाला सवड होती?

या खात्याच्या किल्ल्या संस्थेच्या ॲडमिनकडे असतात. ॲडमिन पासवर्ड बदलू शकतो, खातं थांबवू शकतो, बाहेरच्या लोकांना फाइल पाठवण्यावर बंदी घालू शकतो. संस्थेने घेतलेल्या सुविधेनुसार मेल तपासणंही शक्य असतं. घरगुती कागदपत्रं, बँकेचे व्यवहार किंवा खासगी फोटो इथे न ठेवलेलेच बरे.

मग बंद का करतात?

मोठं कारण जागेचं आहे. पूर्वी गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद स्टोरेज देत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने हे धोरण बदलत असल्याचं जाहीर केलं आणि जुलै २०२२ पासून आधीच्या संस्थांनाही मर्यादा लागू झाली. पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी. आकडा मोठा वाटतो, पण संस्थेत दहा हजार खाती असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० जीबी येतात. वैयक्तिक जीमेलला फुकट मिळतात त्या १५ जीबीपेक्षाही कमी. मायक्रोसॉफ्टनेही पुढे शिक्षणसंस्थांसाठी असंच १०० टीबीचं गणित आणलं. साहजिकच पास होऊन गेलेल्यांची खाती आधी साफ होतात. शिवाय कोणी न वापरणारं खातं हॅकरला सोपं सावज ठरतं, ही भीती असतेच.

कधी बंद करायचं हे संस्था ठरवते. काही ठिकाणी निकालानंतर काही महिने मिळतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. 'दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकतं' हा नियम फक्त वैयक्तिक खात्यांचा आहे, कॉलेजच्या खात्याला तो लागू नाही. त्यामुळे अधूनमधून लॉगिन करत राहिलं की खातं टिकेल, ही समजूत कामाची नाही. ॲडमिनने गूगल खातं डिलीट केल्यावर ते परत आणायला त्याच्याकडे २० दिवस असतात, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवस. नंतर विनंती करूनही उपयोग नसतो.

कशाला कुठला ईमेल द्यावा?

क्लासरूम, असाइनमेंट, प्राध्यापकांशी पत्रव्यवहार, लायब्ररी, विद्यार्थी सवलत यांसाठी कॉलेजचा. डिग्रीनंतरही लागणार आहे त्या प्रत्येक ठिकाणी स्वतःचा. यात लिंक्डइन, नोकरीच्या वेबसाइट, स्पर्धा परीक्षा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. गिटहबवर एकाच खात्याला दोन्ही ईमेल जोडता येतात, तेव्हा मुख्य पत्ता स्वतःचा ठेवून कॉलेजचा फक्त सवलतीपुरता वापरता येतो. एमफार्म, एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्यांच्या शोधनिबंधावर संस्थेचा पत्ता छापला जातो, ते ठीकच. पण ऑर्किड खात्यात दुसरा, वैयक्तिक ईमेलही जोडून ठेवावा.

सगळ्यात फसवं बटण म्हणजे 'साइन इन विथ गूगल'. कॉलेजच्या खात्याने हे बटण दाबून उघडलेल्या वेबसाइटवर बऱ्याचदा वेगळा पासवर्डच नसतो. मूळ खातं गेलं की तिथला दरवाजाही बंद.

फाइल्स कशा वाचवायच्या?

इथे ग्रुप प्रोजेक्टवाल्यांची हमखास फजिती होते. ब्लॅक बुकची फाइल एका मित्राने स्वतःच्या कॉलेज ड्राइव्हवर बनवलेली असते, बाकीच्यांना ती शेअर केलेली असते. ॲडमिनने मालकी दुसऱ्याकडे न देता त्या मित्राचं खातं काढलं, की फाइल सगळ्यांचीच जाते. कॉलेजच्या खात्यातल्या फाइलची मालकी बाहेरच्या जीमेलला देता येत नाही, म्हणून प्रत येईल तशी करून घ्यावी लागते.

स्वतःच्या सामानासाठी गूगलचं 'टेकआउट' आहे. त्यात शाळा-कॉलेजच्या खात्यांसाठी 'ट्रान्सफर' नावाचा पर्याय असतो. तो मेल आणि ड्राइव्हमधल्या फाइल्स थेट वैयक्तिक खात्यात उतरवतो. कधी काही तासांत काम होतं, कधी आठवडाही लागतो. खातं बंद व्हायच्या आदल्या रात्री बसून उपयोग नाही. गूगल फोटो यात येत नाहीत, ते वेगळे उतरवावे लागतात. वैयक्तिक खात्यात तेवढी जागा रिकामी आहे ना, हेही आधी बघावं.

ॲडमिनने ट्रान्सफर बंद ठेवलं असेल तर साध्या टेकआउटने झिप फाइल मागवता येते, अर्थात तेही चालू असेल तर. तिची डाउनलोड लिंक साधारण सात दिवसच चालते. दोन्ही बंद असतील तर महत्त्वाच्या फाइल्स एकेक करून उतरवणं आलंच.

शिकत असताना

आपल्याकडे बहुतेक सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, म्हणून कॉलेजचा इनबॉक्स महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. आणि नेमकी प्लेसमेंटची मुलाखत किंवा परीक्षा फॉर्ममधली चूक मेलवर कळवलेली असते. फोनमधल्या जीमेल ॲपमध्ये हे दुसरं खातं जोडून नोटिफिकेशन चालू ठेवलं तरी अर्धं काम होतं. स्पॅमही बघावं, कारण तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. परीक्षा विभागाला लिहिताना विषयातच पीआरएन, वर्ग आणि काम टाकावं. 'सर अर्जंट' एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉगिन करा' छापाचे मेल या खात्यांवर येतात. असा मेल वर्गमित्राच्या हॅक झालेल्या खात्यावरून आला तर संशयही येत नाही. लिंकवर पासवर्ड टाकण्याआधी वरचा पत्ता वाचावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवावं. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

खातं आधीच बंद झालं असेल तर?

पहिला अर्ज कॉलेजच्या आयटी विभागाकडे किंवा ऑफिसात, पीआरएन आणि ओळखपत्रासह, त्याच आठवड्यात. दरम्यान जुन्या लॅपटॉपवर किंवा फोनवर गिटहब, लिंक्डइन वगैरे अजून लॉगिन आहे का ते तपासावं. असेल तर चुकूनही लॉगआउट करू नये. आधी सेटिंगमध्ये जाऊन वैयक्तिक ईमेल आणि मोबाइल नंबर जोडावा. काही वेबसाइट या बदलासाठी जुन्या ईमेलवरच कोड पाठवतात. तिथे त्यांच्या मदत विभागाला लिहावं लागतं आणि ओळख पटवायला डिग्री प्रमाणपत्र, जुने मेल, पावत्या असं जे हाताशी असेल ते द्यावं लागतं.