संगणकातले जुने मेल नेमके कुठे असतात?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकाना-घरांतले संगणकही बुडाले. त्याच तालुक्यातल्या सावर्ड्यात पूर आला नाही तरी पावसाळ्यातली दमट हवा आणि विजांचा कडकडाट संगणकाला पुरेसा असतो. यंत्र नवे घेता येते. त्यातले मेल परत मिळतीलच असे नाही.

‘मेल तर इंटरनेटवर असतात’ असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये खाते ‘आयमॅप’ पद्धतीने जोडले असेल, तर मूळ मेल सर्व्हरवर राहतात. जुनी पद्धत ‘पॉप’ची. त्यात मेल संगणकावर उतरतात आणि अनेकदा सर्व्हरवरून पुसले जातात. २००४ मध्ये जीमेल १ जीबी जागा घेऊन आले, त्याआधी हॉटमेलवर फुकट जागा अवघी २ एमबी होती. त्यामुळे मेल उतरवून घेण्यावाचून इलाज नव्हता. त्या काळातला पत्रव्यवहार आज फक्त घरातल्या हार्ड डिस्कवर असू शकतो. म्हणून आधी खात्याच्या सेटिंगमध्ये पॉप आहे की आयमॅप, हे पाहावे.

आउटलुकचे पॉप मेल बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरात, ‘पीएसटी’ प्रकारच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये असतात. आउटलुक पूर्ण बंद करून ती कॉपी करावी. ‘ओएसटी’ नावाची फाइल दिसली तर फसू नये. ती सर्व्हरवरच्या मेलची सावली असते, दुसऱ्या संगणकावर सरळ उघडत नाही. तिच्यासाठी आउटलुकमधूनच ‘एक्स्पोर्ट’ करून पीएसटी बनवावी लागते.

थंडरबर्डमध्ये शोधाशोध नको. ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये प्रोफाइल फोल्डर उघडण्याचे बटण असते. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर उचलावा. विंडोज एक्सपीवरच्या आउटलुक एक्सप्रेसच्या फाइलींचे टोक ‘डीबीएक्स’ असते. त्या लपवलेल्या फोल्डरात असतात, म्हणून आधी लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करावी.

कॉपी करताना एक अडचण हमखास येते. पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही ‘फाइल खूप मोठी आहे’ असा संदेश दिसतो. पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. तो ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केला की काम होते; मात्र फॉरमॅट केल्यावर त्यावरचे आधीचे सगळे जाते.

ज्यांचे मेल फक्त जीमेलवर आहेत, त्यांना ‘गुगल टेकआउट’मधून सगळे मेल ‘एमबॉक्स’ फाइलमध्ये मिळतात. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते. वडीलधाऱ्यांचे खाते पडून असेल तर हे लक्षात ठेवावे.

संगणक भिजलाच, तर तो सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. ओल्या हार्ड डिस्कला वीज मिळाली की उरलीसुरली आशाही जाते. ती तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी.

एक प्रत कपाटात ठेवली तरी दुसरी गावाबाहेर हवी. गणपतीला आलेल्या मुंबईकराच्या पिशवीत पेनड्राइव्ह टाकला तरी चालतो, फक्त त्याआधी तो दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार जुने मेल खरोखर उघडतात का, हे पाहून घ्यावे.