ड्यूकचा नोकर आणि न्यू जर्सीचा सर्व्हर

सर्व्हर जिथे, तिथे वेबसाइट. इंजिनिअर म्हणून मी हे धरूनच चाललो होतो. डाऊ जोन्स कंपनीच्या वकिलांचंही तेच म्हणणं होतं.

त्यांच्या 'बॅरन्स' या साप्ताहिकाने ऑक्टोबर २०००मध्ये मेलबर्नचे उद्योगपती जोसेफ गटनिक यांच्यावर लेख छापला, न्यू जर्सीतल्या सर्व्हरवर चढवलाही. गटनिकांनी बदनामीचा दावा लावला तो घरच्या व्हिक्टोरिया राज्यात. प्रकाशन न्यू जर्सीत झालं, कायदाही तिथलाच लावा, असं कंपनी म्हणाली. अमेरिकी कायदा लिहिणाऱ्याला जास्त सांभाळून घेतो ना!

इथे एक जुना ड्यूक आठवावा लागतो. लंडनच्या एका वृत्तपत्राने १८३०मध्ये ब्रन्सविकच्या ड्यूकबद्दल वाईटसाईट छापलं. दाव्याची मुदत कधीच उलटली. १७ वर्षांनी ड्यूकने नोकर पाठवून तोच अंक विकत आणवला आणि दावा ठोकला. १८४९मध्ये कोर्टाने मानलं: अंक नोकराच्या हाती पडला, म्हणजे नव्याने प्रकाशन झालं. मी आधी हसलो. मग वाटलं, आपला ब्राउझर हा नोकरच की.

१० डिसेंबर २००२ला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाने ठरवलं, बदनामी घडते ती वाचक मजकूर उतरवून घेतो तिथे. मला पटतं, माणसाची अब्रू सर्व्हरवर नसते, त्याच्या गावात असते. पण मग लिहिणाऱ्याने किती देशांचे कायदे पाठ करायचे?

प्रकरण २००४मध्ये तडजोडीने मिटलं. २०१०मध्ये अमेरिकेने कायदाच केला: भाषणस्वातंत्र्याचं अमेरिकेइतकं संरक्षण न देणारे बदनामीचे परदेशी निकाल आमची कोर्टं बजावणार नाहीत.