खोलीतलं ऊन: एका रानटी झाडाला घरात कुणी नेलं?

आजचा विषय जरा नाजूक आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गांजा कसा लावायचा, हे या भागात नाही. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे कुणी वही-पेन घेऊन बसलं असेल तर ते ठेवून द्या आणि निवांत ऐका.

आज बोलायचंय एका खोलीबद्दल. परदेशी मालिकांमध्ये तुम्ही ती पाहिली असेल. खिडकी नाही, भिंती चंदेरी, वर रांगेनं डोळे दिपवणारे दिवे, कोपऱ्यात पंखे, छताखालून गेलेला जाड पाइप, त्याच्या टोकाला कोळशाचा फिल्टर आणि दाराशी टायमर. माझं रोजचं काम सर्व्हर चालू ठेवण्याचं, त्यामुळे मला ती खोली बघून डेटा सेंटरच आठवतं. तोच हिशोब: वीज किती आत येणार, उष्णता कुठून बाहेर जाणार, हवा कशी फिरणार.

पण डेटा सेंटर का बांधतात ते मला कळतं. ही खोली मात्र कळत नव्हती. अहो, हे झाड हिमाचलात रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतं. ऊन फुकट, पाऊस फुकट. मग एवढा खर्च करून विजेचं ऊन विकत घ्यायचं खूळ कुणाच्या डोक्यात आलं? मी शोधत गेलो आणि सापडलं ते असं, की या खोलीचा आराखडा झाडापेक्षा पोलिसांनी आणि न्यायाधीशांनी जास्त आखलाय. कसा, ते बघू.

आधी सगळं उघड्यावर होतं

सुरुवात आपल्याच भागातून करू. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न आला, की हिंदुस्थानात गांजाचा एवढा खप आहे, त्याचे परिणाम काय? मग इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. या कमिशननं ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये भलामोठा अहवाल दिला. माफक सेवनानं फार नुकसान दिसत नाही, सरसकट बंदी नको, परवाना आणि कर लावून ताबा ठेवा, असा त्याचा सूर होता.

त्या काळी गांजा हे शेतातलं पीक होतं. बंगालमध्ये नौगावला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, परवाना घेऊन शेती व्हायची आणि माल सरकारी देखरेखीतल्या गोदामात जमा व्हायचा. शेतातली नर झाडं ओळखून उपटायला खास जाणकार माणूस बोलवायचे, त्याला पोद्दार म्हणत. मुंबई इलाख्यात या पिकासाठी प्रामुख्यानं नाव यायचं अहमदनगर जिल्ह्याचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. शेत कुठे आहे, किती आहे, सगळं सरकार दरबारी नोंदलेलं. लपवायचं काही नव्हतंच, त्यामुळे खोलीची गरजही नव्हती.

दिवा आणि घड्याळ

आता त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत काय चाललं होतं, ते बघू. गंमत म्हणजे या खोलीतली यंत्रं गांजासाठी जन्मालाच आली नाहीत.

१८८० मध्ये विल्यम सीमेन्स या अभियंत्यानं इंग्लंडमध्ये विजेच्या आर्क दिव्याखाली झाडं वाढवून दाखवली. १८९० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनी अशाच दिव्याखाली लेट्यूस लावलं. झाड विजेच्या उजेडावर वाढतं, हे सिद्ध झालं. पण त्याला फूल कधी येतं, हे कोडं सुटलं नव्हतं.

इथे पहिला मोठा धागा पॅरिसमध्ये सापडला, आणि तोही याच झाडाच्या कुळात. ज्युलियन तुर्नुआ नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप आणि हेम्प या झाडांवर काम करत होता. हेम्प म्हणजे धाग्यासाठी लावला जाणारा गांजाचाच भाऊबंद. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं बोटभर असतानाच फुलत होती. १९१२ च्या सुमारास त्यानं मांडलं, की याचं कारण दिवसाच्या लांबीत आहे. दिवस लहान झाला, रात्र लांबली, की झाड फुलायला लागतं. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि १९१४ मध्ये तुर्नुआ त्यात मारला गेला. काम तिथेच थांबलं.

ते पुढे नेलं अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या जोडीनं. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला सरकारी प्रयोगशेत होतं (पुढे त्याच जागेवर पेंटागॉन उभं राहिलं). त्यांच्याकडे तंबाखूचं एक वाण होतं, मेरीलँड मॅमथ. ते उन्हाळाभर नुसतं उंच व्हायचं, फुलायचंच नाही. सोयाबीनचं त्याच्या उलट. थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरलं तरी सगळं सप्टेंबरच्या आसपास एकदमच फुलायचं. १९१८ मध्ये त्यांनी एक अंधारी लाकडी खोपटी उभारली आणि कुंड्या दुपारीच आत ढकलून दिवस खोटाखोटा लहान केला. तंबाखू फुलला! १९२० मध्ये त्यांनी हे छापलं आणि या प्रकाराला 'फोटोपीरियॉडिझम' असं नाव दिलं.

हे काही फक्त पुस्तकातलं ज्ञान नाही बरं का. आपल्याकडचे पॉलीहाउसवाले शेवंतीसाठी हेच करतात. रात्री दिवे लावून फूल लांबवायचं आणि काळा पडदा ओढून फूल आणायचं. बाजारभाव आणि सणाची तारीख झाडाला कळत नाही, पण रात्रीची लांबी कळते.

पुढे १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये फ्रिट्स वेंट यांनी हवा, उजेड, तापमान सगळं माणसाच्या ताब्यात असलेली प्रयोगशाळा उभी केली. तिला फायटोट्रॉन म्हणू लागले. १९६० च्या दशकात उच्च दाबाचा सोडियम दिवा बाजारात आला, तोच तो आपल्या रस्त्यांवरचा पिवळा उजेड. म्हणजे सुटे भाग तयार होते. पण गांजावाल्यांना ते जोडायची गरज अजून पडली नव्हती. ती गरज आकाशातून आली.

वरून कोण बघतंय?

अमेरिकेत १९३७ पासून गांजावर कायद्याचा फास होता आणि १९७० च्या कायद्यानं तो सगळ्यात कडक यादीत टाकला. तरीही मेक्सिकोतून माल येत राहिला. १९७० च्या दशकात मेक्सिकोनं अमेरिकेच्या मदतीनं या पिकावर पॅराक्वाट नावाचं तणनाशक विमानातून फवारलं. विषारी माल आपल्यापर्यंत येईल, अशी भीती अमेरिकेत पसरली, आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात देशी लागवड जोरात वाढली. नर झाडं काढून टाकायची ती नौगावची युक्ती तिथेही होतीच, फक्त नाव स्पॅनिश होतं: सिन्सेमिया, म्हणजे बिनबियांचा.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सरकारनं कॅम्प नावाची मोहीम काढली. हेलिकॉप्टरं डोंगरावर घिरट्या घालायला लागली. इथून पुढे तीन खटले लक्षात ठेवा, कारण त्यांनी छप्पर आणि भिंत ठरवली.

पहिला १९८६ चा, कॅलिफोर्निया विरुद्ध सिराओलो. एका माणसानं परसातली झाडं उंच कुंपणाआड लपवली होती. पोलिसांनी विमान भाड्यानं घेतलं आणि १००० फुटांवरून बघितलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, वॉरंटची गरज नाही, आकाश सगळ्यांचं आहे. म्हणजे कुंपण बाद.

दुसरा १९८९ चा, फ्लोरिडा विरुद्ध रायली. इथे झाडं काचघरात होती, पण छताच्या दोन पट्ट्या निखळल्या होत्या. हेलिकॉप्टरनं ४०० फुटांवरून त्या फटीतून पाहिलं. कोर्टानं पुन्हा तेच सांगितलं. म्हणजे काचघरही बाद.

आता तुम्ही त्या लागवडवाल्याच्या जागी आहात असं समजा. उघडं शेत गेलं, परस गेलं, काचघर गेलं. उरलं काय? तळघर आणि गॅरेज. खिडकी बंद, म्हणजे ऊन नाही, म्हणजे दिवे आले. दिव्यांची उष्णता, म्हणून पंखे आणि एसी. आणि कोळशाचा फिल्टर? झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या गॅस मास्कमध्ये असलेला कोळसा तो, इथे आला शेजाऱ्याच्या नाकासाठी. खोलीतल्या सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहा, 'झाडासाठी' की 'लपण्यासाठी'. दिवासुद्धा शेवटी दुसऱ्याच रकान्यात जातो.

सरकारही गप्प बसलं नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये 'ऑपरेशन ग्रीन मर्चंट' खाली ४६ राज्यांत बागकामाचं असं सामान विकणाऱ्या दुकानांवर छापे पडले. दिवे विकणं गुन्हा नव्हता. पण दिवे कुणी घेतले, याची नोंद कामाची होती. आज आपण ज्याला मेटाडेटा म्हणतो, तोच हा.

भिंतीतून झिरपलेली उष्णता

आणि आता तिसरा खटला, माझा सगळ्यात आवडता. जानेवारी १९९२, ओरेगॉन राज्यातलं फ्लोरेन्स गाव, पहाटेचे ३ वाजून २० मिनिटं. रस्त्यावर उभ्या गाडीतून सरकारी माणसं कायलो नावाच्या माणसाच्या घराकडे थर्मल कॅमेरा धरून बसली होती. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा गरम दिसली. ही माहिती, विजेची बिलं आणि खबऱ्यांचं सांगणं एवढ्यावर वॉरंट मिळालं. आत १०० हून जास्त झाडं सापडली.

खटला नऊ वर्षं चालला. सरकारचं म्हणणं होतं, आम्ही आत डोकावलोच नाही, भिंतीबाहेर आलेली उष्णता मोजली. ऐकायला पटतं, नाही? पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी हे नाकारलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी, जे काही उदारमतवादी म्हणून ओळखले जात नव्हते. मुद्दा असा, की सर्वसामान्य लोक वापरत नाहीत असं यंत्र लावून, एरवी आत शिरल्याशिवाय कळली नसती अशी घरातली गोष्ट शोधणं म्हणजे झडतीच. तिला वॉरंट लागतं. आज गांजाचे दिवे दिसले, उद्या कोण कधी आंघोळ करतं तेही दिसेल.

विचार करा, एका गांजावाल्याच्या गॅरेजमुळे सगळ्यांच्या घराच्या भिंतीला कायद्याचं बळ मिळालं. अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या स्मार्ट मीटरच्या वादावर २०१८ मध्ये कोर्टानं निर्णय दिला, तेव्हा हाच निकाल आधाराला आला. दर १५ मिनिटांनी वीज मोजणं हीसुद्धा घराची झडतीच, असं कोर्टानं मान्य केलं. वीज पुरवण्याच्या कामासाठी ती वाजवी आहे, पोलिसी तपासासाठी असती तर गोष्ट वेगळी, असंही म्हटलं. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरलाय, आणि स्मार्ट मीटर आता आपल्याही दारात आलेत. घराच्या आतलं किती बाहेर झिरपू द्यायचं, हा प्रश्न आता गांजावाल्यांपुरता राहिलेला नाही.

कायदा गेला, खोली राहिली

गोष्ट इथे संपायला हवी होती. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी मतदानानं गांजा कायदेशीर केला. लपायचं कारण गेलं, म्हणजे झाड परत उन्हात यायला हवं. पण सगळं आलं नाही.

आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. मूळ अडचण टाळायला तात्पुरता उपाय करायचा. मग त्यावर दुसरं काहीतरी बांधलं जातं, त्यावर तिसरं, आणि मूळ अडचण सुटल्यावरही तो उपाय काढता येत नाही. इथे तसंच झालं. खोलीत वर्षाला अनेक पिकं निघतात, प्रत्येक वेळी माल एकसारखा. गिऱ्हाईक त्यालाच चांगला माल समजायला शिकलं. अनेक ठिकाणी नियमच असे झाले, की लागवड बंदिस्त, कुलूपबंद जागेत हवी. शिवाय देशपातळीवर बंदी कायम राहिल्यानं माल राज्याची हद्द ओलांडू शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाढलेला गांजा इलिनॉयच्या दुकानात जात नाही, म्हणून इलिनॉयच्या थंडीत दिवे जळतात.

किंमत किती? २०१२ मध्ये इव्हान मिल्स या ऊर्जा संशोधकानं अंदाज मांडला, की घराआडची गांजाची लागवड अमेरिकेच्या एकूण विजेतली सुमारे १ टक्का वीज खाते. वर्षाला सुमारे ६ अब्ज डॉलरची. तेही अशा झाडासाठी, जे आपल्या नगर जिल्ह्यात उघड्या शेतात वाढत होतं.

गांजा चांगला की वाईट, हा वाद आपण आज घेतलेला नाही. मला दिसलं ते एवढंच, की धाकानं बांधलेली गोष्ट धाक गेल्यावर आपोआप पडत नाही. ती बिलात राहते, नियमात राहते, सवयीत राहते. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, सरकारी फॉर्मात असा एखादा जुना धाक अजून वीज खात बसलाय का, बघा जरा. सापडला तर मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!