बुडाखालचा इतिहास : ट्रॅक्टरची सीट

नवा लॅपटॉप हातात आला की आपण पहिलं काम काय करतो? वॉलपेपर बदलतो. नवी बाईक आली की आठवड्याभरात सीट कव्हर, टाकीवर स्टिकर आणि शेजारचे शिव्या देतील असा हॉर्न. कंपनीने हजारो लोकांसाठी बनवलेली वस्तू "आपली" करून घ्यायची ही खोड फार जुनी आहे, आणि ट्रॅक्टरवालेही तिला अपवाद नाहीत.

अमेरिकेत साधारण २० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर म्हणतात. घेणारे बरेचसे पूर्णवेळ शेतकरी नसतात. आठवडाभर नोकरी, आणि शनिवार-रविवारी चार-पाच एकरात गवत काप, बर्फ बाजूला कर, खत ओढ. म्हणजे आपलेच भाऊबंद! ही मंडळी ट्रॅक्टर घरी आला की मागे लागतात. डोक्यावर छत, हात टेकायला आर्मरेस्ट, कप होल्डर, जादा एलईडी दिवे, लोडरच्या बकेटला साखळी अडकवायचे हुक, चाकांना नवा रंग. आणि स्टिअरिंगवर एक गोल नॉब, म्हणजे एका हाताने स्टिअरिंग फिरवता येतं आणि दुसरा हात लोडरच्या दांड्यावर मोकळा राहतो. या नॉबचं जुनं टोपणनाव "आत्महत्येचा नॉब" असं आहे. पॉवर स्टिअरिंग नसताना पुढचं चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग गर्रकन फिरायचं आणि नॉब मनगटावर बसायचा.

आता प्रश्न असा, की ज्या यंत्रावर माणूस दिवसाचे दहा-बारा तास काढतो, तिथे त्याच्या आरामाचा विचार यंत्र बनवणाऱ्यांनी आधीच का केला नाही?

याचं उत्तर घोड्यांपासून सुरू होतं. एकोणिसाव्या शतकात घोड्यांनी ओढायच्या अवजारांवर ओतीव लोखंडाची परातीसारखी सीट असे. तिला भोकं असत, म्हणजे पावसाचं पाणी साचत नसे. काही कारखानदार त्या जाळीत आपलं नावही कोरत. थोडक्यात, शेतकऱ्याच्या बुडाखाली कंपनीची जाहिरात :) पुढे हेन्री फोर्डने १९१७ साली फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आणला. इंजिन नवीन, किंमत आवाक्यातली, पण सीट? तीच परात, फक्त आता पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर. चाकं लोखंडी, स्प्रिंग तेवढी एकच. शेतकऱ्याने मग गोणपाटात गवत भरून गादी केली. वैयक्तिक आरामाची ही पहिली "ॲक्सेसरी", कारखान्याबाहेर बनलेली.

इथे थोडं इंजिनिअरिंग (कॉलेजात व्हायब्रेशनचा पेपर ज्यांनी कसाबसा काढला त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा हलवलं तर ते सगळ्यात जास्त हिंदकळतं. तो आपल्या शरीराचा रेझोनन्स. ट्रॅक्टरला कारसारखं सस्पेन्शन नसतं, आणि ढेकळांवरून जाताना त्याचे हेलकावेही त्याच टापूत किंवा जरा खाली येतात. नुसती स्प्रिंग लावून भागत नाही. स्प्रिंगला आवरणारा डँपर नसेल, तर ठराविक वेगाला ती धक्का कमी करण्याऐवजी वाढवते. म्हणजे पट्टीवरची परात काही वेळा आराम द्यायच्या ऐवजी पाठीचा कणाच ठोकत होती. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांची पाठ गेली, आणि लोक म्हणाले, "शेतीचं काम आहे, पाठ दुखणारच."

पहिला खरा दिलासा सीटने नाही, टायरने दिला. १९३२ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनबरोबर सुरुवातीला चक्क विमानाचे टायर लावून प्रयोग केले आणि मॉडेल यू हा ट्रॅक्टर हवेच्या टायरवर विकायला काढला. रबर शेतात टिकेल यावर लोकांचा विश्वास बसेना. मग कंपनीने बार्नी ओल्डफील्ड या नावाजलेल्या रेसिंग ड्रायव्हरला ट्रॅक्टरवर बसवलं. १९३३ साली त्याने तो ताशी १०० किलोमीटरच्या वर पळवला!

रंगाचीही हीच कथा. याच कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाच्या हॅरी मेरिट यांनी कॅलिफोर्नियात नारिंगी पॉपीची फुलं पाहिली आणि १९२९ पासून ट्रॅक्टर भडक नारिंगी झाले, असं सांगतात. फार्मॉल ट्रॅक्टर १९३६ पर्यंत करडे होते, मग लाल झाले. १९३८ साली जॉन डिअरने हेन्री ड्रेफस या औद्योगिक डिझायनरकडून आपली ए आणि बी ही मॉडेलं नव्याने घडवून घेतली. १९३९ साली रेमंड लोवींच्या हातून फार्मॉलचं रूप पालटलं. मंदीच्या दशकात शेतकऱ्यापुढे "दिसणं" विकायला काढलं होतं.

आणि याच १९३८ मध्ये सगळ्यात धाडसी प्रयोग झाला. मिनियापोलिस-मोलीन कंपनीचा यूडीएलएक्स, उर्फ कम्फर्ट्रॅक्टर. बंद केबिन, दोन सीटा, हीटर, रेडिओ, वायपर, सिगारेट लायटर, आणि रस्त्यावर ताशी ६४ किलोमीटर वेग. कल्पना अशी की दिवसभर नांगरायचं आणि संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून त्याच ट्रॅक्टरने गावात जायचं. विकले किती? बनलेच मुळी सुमारे १५०. किंमत मोटारीपेक्षा जास्त होती हे एक कारण. दुसरं कारण हिशेबात मांडता येत नाही. उन्हातान्हात, थंडीत उघड्यावर बसणं हीच मर्दुमकी, आणि केबिनमध्ये बसून रेडिओ ऐकणारा तो कसला शेतकरी, असं मानणारे खूप होते. आज तेच ट्रॅक्टर संग्राहक लिलावात भारी किमतीला घेतात. असो.

आरामाला प्रतिष्ठा मिळाली ती डॉक्टरच्या हातून. ड्रेफस यांनी जॉन डिअरच्या नव्या पिढीच्या ट्रॅक्टरसाठी डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांचा सल्ला घेतला. स्नायूंच्या दुखण्यातल्या या तज्ज्ञ. पुढे १९६१ साली त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, ते पद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. म्हणजे जी बाई राष्ट्राध्यक्षांची पाठ सांभाळत होती, तिनेच शेतकऱ्याच्या पाठीचाही विचार केला होता. चालकाच्या वजनाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे जुळवता येणारी ती सीट ३० ऑगस्ट १९६० रोजी डॅलसमध्ये नव्या ट्रॅक्टरांसोबत लोकांसमोर आली. त्या वेळी एक ट्रॅक्टर नीमन मार्कस या उंची दुकानात हिऱ्यांनी सजवून ठेवला होता. नटवणं म्हणावं तर असं!

छोट्या ट्रॅक्टरांना हे सगळं उशिरा मिळालं. भातखाचरांसाठी लहान यंत्रं बनवणाऱ्या जपानच्या कुबोटाने १९६९ साली एल २०० हा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला आणि तिथे एक नवीनच गिऱ्हाईक तयार झालं. लहान ट्रॅक्टर स्वस्त ठेवायचा तर पहिली कात्री सीटवर लागते. म्हणून तर शनिवारी गॅरेजमध्ये पाने घेऊन बसावं लागतं.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. पण एक जागा अशी आहे जिथे ही हौस जिवावर बेतते, ती म्हणजे डोक्यावरचं छत. ट्रॅक्टर उलटून चालक खाली चिरडला जाणं हा शेतीतला जुना शाप. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी मजबूत चौकट सक्तीची केली आणि पुढच्या तीस वर्षांत असे मृत्यू जवळजवळ संपले. १९६६ साली जॉन डिअरने आपली अशी चौकट विकायला काढली आणि तिचं पेटंट बाकी कंपन्यांनाही खुलं केलं. (ओपन सोर्सवाल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.)

गंमत अशी की लांबून ही चौकट आणि सावलीसाठीचं छत सारखंच दिसतं. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइप आणि पत्र्याचं हूड बनवून घेतात. रंग झकास, झालर, गोंडे, पुढे "आईवडिलांची कृपा", आणि ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर असेल तर त्याच हुडाखाली असे स्पीकर की गावाला आधी गाणं कळतं, मग ट्रॅक्टर दिसतो. यात वाईट काही नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणारा माणूस ट्रॅक्टर कोरा कसा ठेवेल? पण ते हूड ऊन अडवतं, दोन टनांचा ट्रॅक्टर नाही. उलट कारखान्याच्या चौकटीला छत किंवा दिवे लावायला भोकं पाडली, वेल्डिंग केलं, तर तिचीही ताकद जाते. क्लँपने आवळायचं, भोक पाडायचं नाही, हा साधा नियम आहे. आणि चौकट असेल तर सीट बेल्ट हवाच. नाहीतर ट्रॅक्टर उलटताना माणूस फेकला जातो आणि चौकटीखालीच सापडतो. नाशिक-तासगावच्या द्राक्षबागांत मांडवाखालून जाणाऱ्या मिनी ट्रॅक्टरला उंच चौकट अडते हे खरं. त्यासाठी दुमडणारी चौकट असते. फक्त बागेबाहेर आल्यावर ती पुन्हा उभी करायची आठवण पाहिजे.

गोणपाटाच्या गादीपासून डॉ. ट्रॅव्हेल यांच्या सीटपर्यंत यायला अर्धं शतक गेलं, आणि तेवढ्या काळात किती पाठी गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यामुळे कुणी ट्रॅक्टरला जाड गादी लावली, कप होल्डर बसवला, तर हसू नका. काम करणाऱ्याला नीट बसता यावं ही चैन नव्हे. आणि हो, तुमच्या ओळखीत कुणाकडे ट्रॅक्टर असेल, तर पुढच्या वेळी गावी गेलात की गाण्यांचं कौतुक करून झाल्यावर जरा हुडाकडेही बघा. सावलीचं आहे की जीव वाचवणारं, तेवढं विचारून या.