एक अभ्यासक्रम, अनेक वह्या

इंदुरातील उच्च शिक्षणाचा इतिहास पाहताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. महाविद्यालये येथे उभी राहिली, परंतु त्यांत काय शिकवावे हे दीर्घकाळ अन्यत्र ठरत असे. महाराजा शिवाजीराव होळकरांच्या कारकिर्दीत १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय प्रथम कलकत्ता, पुढे अलाहाबाद आणि त्यानंतर १९२७ साली स्थापन झालेल्या आग्रा विद्यापीठाशी संलग्न होते. १९५७ साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ व १९६४ साली इंदूर विद्यापीठ झाले, तेव्हा कोठे हे अंतर मिटले.

१८५७ची विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि गुण त्यांच्या हाती, अध्यापन महाविद्यालयांकडे. या व्यवस्थेचा लाभ नाकारता येत नाही. इंदूरच्या पदवीधरास कलकत्त्याच्या पदवीधराइतकीच मान्यता मिळाली आणि परीक्षेत वशिल्यास फारशी जागा उरली नाही.

निबंधलेखनाची गोष्ट मात्र वेगळी. लेखन हे वही तपासून, पुन्हा लिहवून घेऊनच येते. आपल्या घरांतून मराठी, बाजारात हिंदी व माळवी, जुन्या दप्तरांत मोडी आणि महाविद्यालयात इंग्रजी, असा विद्यार्थी समोर असता त्याचे कोणते वाक्य कोठे व का अडखळले हे वर्गातील प्राध्यापकासच कळणार. त्याच्या या निर्णयास परीक्षेत मात्र स्थान नव्हते. तयार निबंध पाठ करण्याची प्रथा अशा व्यवस्थेत फोफावते.

ज्यांचे काही शालेय शिक्षण इंदुरात झाले, त्या डॉ. दौलतसिंह कोठारींच्या आयोगाने १९६६ साली निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याची शिफारस केली. मध्य प्रदेशात १९७३च्या अधिनियमाने राज्यातील विद्यापीठे एका समन्वय समितीच्या कक्षेत आणली. २०२१-२२ पासून नव्या शिक्षण धोरणानुसार पदवीचा समान अभ्यासक्रम राज्यभर आला. जुना प्रश्न अशा रीतीने नव्या रूपाने पुढे उभा आहे.

आमच्या मते समान अभ्यासक्रम आणि शिक्षकाचे स्वातंत्र्य यांत मूलतः वैर नाही. विद्यार्थ्यास काय लिहिता यावे हे सर्वांसाठी एकच असावे. विषय, उतारे आणि क्रम प्राध्यापकाने निवडावा. मात्र स्वातंत्र्य म्हणजे एकाकीपण नव्हे. चार महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी त्याच दहा वह्या वाचून आपापले गुण ताडून पाहिले, तर शिक्षकही शिकतो.

शासकीय सेवेत पदवीधरांची टिपणे आम्ही वर्षानुवर्षे वाचली. नियमांचे आधार बहुधा बरोबर असत. अर्जदाराचे म्हणणे काय, हे मात्र कित्येकदा टिपण वाचूनही कळत नसे. हा तोटा शेवटी त्या अर्जदाराचा.

विद्यापीठांच्या कपाटांत अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका राहतात, वर्गातल्या वह्या राहत नाहीत. आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या प्राध्यापक झाले. त्यांनी तपासलेली एखादी वही माळ्यावर असेल, तर ती रद्दीत घालू नये. शिक्षकाने आपल्या अधिकाराचा कसा उपयोग केला, याचा खरा पुरावा तिच्या समासात आहे.