बर्फातलं एक भोक आणि खिशातला तह

दर जानेवारीत आमच्या ग्रुपमध्ये एक मेल फिरते. सब्जेक्ट ठरलेला: "या वर्षी तरी आइस फिशिंग!" आणि दर फेब्रुवारीत ती मेल कुणाच्या प्रॉडक्शन रिलीजखाली नाहीतर कुणाच्या आईवडिलांच्या व्हिसाखाली गाडली जाते. यंदा मात्र आमच्या नागपूरकराने मनावर घेतलं. त्याने सरळ एक एक्सेल शीटच पाठवली. चार कॉलम: बर्फ, झोपडी, लायसन्स, मासे. खाली सूचना, "प्रत्येकाने एक कॉलम घ्या आणि रविवारपर्यंत भरून द्या." माझ्या वाट्याला झोपडी आली. हा लेख त्या कॉलममधून निघालाय.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. मी राहतो मिनियापोलिसला. इथे हिवाळ्यात तळी गोठतात, पण तळापर्यंत नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की ते वर राहतं आणि वरच गोठतं. खाली मासे जिवंत असतात, जरा सुस्त एवढंच. मग माणसं काय करतात, तर गिरमिटाने बर्फाला आठ-दहा इंचाचं भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि वारा लागू नये म्हणून वर तंबू किंवा लाकडी झोपडी उभी करून आत शेगडीपाशी बसतात. तासन्‌तास! आपल्याकडे कट्ट्यावर बसतात तसंच, फक्त खाली वीस फूट पाणी.

बर्फाचा कॉलम पुणेकराकडे होता आणि तो त्याने इमानदारीत भरला. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा तक्ताच आहे: चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७, छोट्या मोटारीला ९ ते १०, पिकअप ट्रकला १३. हे सगळं नव्या, पारदर्शक बर्फासाठी. पांढरट बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. आणि तक्ता पाळला तरी निसर्ग ऐकतोच असं नाही. २०२३ च्या डिसेंबरात अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभरावर लोक त्यावर अडकले. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं, पण पुणेकराने ती बातमी शीटमध्ये लाल अक्षरात टाकली आहे.

जागा ठरली शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातली. आमच्यापासून अडीच तासांवर हेवर्ड नावाचं गाव आहे आणि त्याच्याजवळ चिप्पेवा फ्लोएज. फ्लोएज म्हणजे धरणाचा जलाशय. मासेमारीसाठी सगळा मुलूख प्रसिद्ध. हेवर्डमध्ये तर मासेमारीचं संग्रहालय एका अवाढव्य माशाच्या आकारात बांधलंय, त्याच्या जबड्यात उभं राहून लोक फोटो काढतात. आम्हीही काढणार, उगाच खोटं कशाला बोला.

तर आता माझी झोपडी. विस्कॉन्सिनचा नियम असा, की बर्फावर झोपडी सोडून जाणार असाल तर तिच्यावर मालकाचं नाव आणि पत्ता हवा. मला हसू आलं. गोठलेल्या तळ्यावर पत्ता! मनात आलं, हा नियम मोडला म्हणून कुणाला कधी पकडलं असेल का? सहज शोधायला बसलो आणि रात्री दोनला उठलो.

पकडलं होतं. ८ मार्च १९७४ रोजी, याच भागातल्या चीफ लेकवर. फ्रेड आणि माइक ट्रिबल असे दोघे सख्खे भाऊ. ओजिब्वे जमातीचे, हेवर्डजवळच्या रिझर्व्हेशनवरचे. (रिझर्व्हेशन म्हणजे जमातीसाठी राखलेली जमीन. या रिझर्व्हेशनचं नाव लिहायला फ्रेंच आणि लांबलचक आहे, बोलताना लोक 'लकूडरे' म्हणतात.) दोघांनी रिझर्व्हेशनची हद्द ओलांडली, बर्फाला भोक पाडलं आणि भाल्याने मासे मारायला बसले. राज्याचे वॉर्डन आले. भावांनी त्यांना तहाची प्रत दाखवली, १८३७ सालच्या. वॉर्डननी त्यांच्यावर दोन कलमं लावली. एक, हद्दीबाहेर मासे मारण्याचा भाला बाळगणं. दुसरं, नाव-पत्ता न लावलेल्या झोपडीत बसणं.

म्हणजे आमच्यासारखीच हिवाळी सहल. फक्त यांनी प्लॅन केला होता तो पकडलं जाण्याचा.

भाला ऐकून दचकू नका. या प्रदेशात बर्फावरची मासेमारी गोऱ्यांनी आणलेली नाही. ओजिब्वे लोक भोकावर कातडं किंवा घोंगडी पांघरून पालथे पडत. वरचा उजेड अडला की खालचं पाणी काचेसारखं दिसतं. मग लाकडात कोरलेला छोटा मासा दोरीने पाण्यात नाचवायचा, त्याला भुलून मोठा मासा आला की भाला. अलेक्झांडर हेन्री नावाचा फरचा व्यापारी १७६० च्या दशकात या सरोवरांच्या मुलखात फिरला. त्याच्या १८०९ साली छापलेल्या प्रवासवर्णनातही बर्फातून मासे धरण्याची हकिकत आहे. हौस म्हणून नव्हे, हिवाळ्यात जगायचं तर हेच अन्न.

मग १८३७ चा तह काय होता? त्यासाठी आमच्याच गावात परत यावं लागतं. मिनियापोलिसच्या विमानतळाला लागूनच फोर्ट स्नेलिंग नावाचा जुना किल्ला आहे. मिसिसिपी आणि मिनेसोटा नद्यांचा संगम तिथेच. आपण सगळे बॅगा घेऊन जिथे पहिल्यांदा उतरलो, जवळपास तिथेच २९ जुलै १८३७ रोजी हा तह झाला. सरकारला पाइनचं लाकूड हवं होतं. ओजिब्वेंनी साधारण १ कोटी ३० लाख एकर जमीन दिली. पण त्या जमिनीवर शिकार करायचा, मासे धरायचा आणि जंगली तांदूळ गोळा करायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. तसं कलमच आहे, पाचवं.

या वाटाघाटींच्या इतिवृत्तात एक जागा आहे, ती वाचून मला आपल्या रिक्वायरमेंट मीटिंगा आठवल्या. एक ओजिब्वे प्रमुख उठला, समोर ओकची एक डहाळी ठेवली आणि झाडाबद्दल काहीतरी बोलला. लिहून घेणाऱ्या सरकारी चिटणिसाला ते भाषांतर पटेना. त्याने ते जसंच्या तसं उतरवलं आणि शेरा मारला, की हे अर्थातच निरर्थक आहे, दुभाषे कामाचे नाहीत. प्रमुख काय म्हणत होता याचा अर्थ साधा आहे: जमीन न्या, पण ज्या झाडावर आम्ही जगतो ते झाड आमचं. स्पेक बरोबर होता हो, क्लायंटने वाचला नाही!

पुढची गोष्ट फार वाईट आहे. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी हे हक्क रद्द करून ओजिब्वेंना पश्चिमेला हलवायचा हुकूम काढला. त्यांना जमिनीच्या मोबदल्याचे वार्षिक पैसे घ्यायला दूर सँडी लेकला बोलावलं. लोक ऐन थंडीच्या तोंडावर पोचले आणि पैसे-धान्य वेळेवर आलंच नाही. रोगराई, उपासमार आणि मग बर्फातून परतीची वाट... साधारण ४०० माणसं गेली. बाकीचे हलले नाहीत. १८५४ मध्ये नवा तह होऊन लकूडरेसारखी रिझर्व्हेशन्स ठरली.

आणि तीही पूर्ण हातात राहिली नाहीत. आम्ही ज्या फ्लोएजवर जाणार, त्याच्या धरणाला १९२१ मध्ये केंद्राने परवाना दिला. जमातीचा विरोध होता. १९२३-२४ मध्ये पाणी चढलं आणि एक गाव, त्यातल्या कबरी आणि तांदळाची तळी बुडाली. १९२१ ते १९२४! याच वर्षांत इकडे सेनापती बापट आणि मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. मुळशीच्या काठावर आपण कॉलेजात कितीदा कणसं खाल्ली, खाली काय आहे हे विचारलं नाही. १९७१ मध्ये परवान्याची पन्नास वर्षं भरली तेव्हा जमातीच्या लोकांनी धरणावर ठिय्या दिला. त्यानंतर तीन वर्षांनी ट्रिबल बंधू बर्फावर गेले.

खालच्या कोर्टात दोघे दोषी ठरले. १९७५ मध्ये जमातीने राज्यावर दावा लावला. १९७८ मध्ये हरली. २५ जानेवारी १९८३ रोजी अपील कोर्टाने निकाल फिरवला: हक्क कधी गेलेच नव्हते. हाच 'वॉइट निकाल'. सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला आणि निकाल कायम झाला.

पण कोर्टात जिंकणं आणि तळ्यावर जिंकणं वेगळं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसंतात ओजिब्वे लोक भाले घेऊन होड्यांपाशी आले की किनाऱ्यावर जमाव उभा असायचा. शिव्या, दगड, धमक्या. आरोप एकच, "हे लोक सगळे मासे संपवणार." १९९१ मध्ये केंद्र, राज्य आणि जमातींच्या संयुक्त अभ्यासाचा अहवाल आला: मासे धोक्यात नाहीत. त्याच वर्षी दोन्ही बाजूंनी अपील न करता दावा संपवला. १९९९ मध्ये मिनेसोटाच्या मिल लॅक्स तळ्याचा असाच खटला सुप्रीम कोर्टात गेला, तोही १८३७ च्याच तहावर. ५ विरुद्ध ४ मतांनी ओजिब्वे जिंकले. टेलरचा हुकूम कोर्टाने बेकायदा ठरवला, दीडशे वर्षांनी.

हे सगळं मी ग्रुपला लिहिलं. नागपूरकराचं उत्तर लगेच आलं, "ते ठीक आहे, पण कायदा सगळ्यांना सारखा हवा ना? आपण लायसन्सला पैसे भरायचे आणि त्यांना स्पेशल हक्क?" प्रामाणिकपणे सांगतो, रात्री बारा वाजता माझाही हाच प्रश्न होता.

उत्तर दिलं आमच्या कोल्हापूरकराने, एका ओळीत. "अरे, आमच्या आजोबांनी शेत विकलं तेव्हा खरेदीखतात लिहून घेतलं होतं की विहिरीच्या पाण्याचा हक्क आमच्याकडे राखून. नव्या मालकाने आम्हाला पाणी 'दिलं' का? आम्ही ते विकलंच नव्हतं."

बस्स! एवढंच आहे. कुणी खैरात केलेला हक्क वेगळा आणि विकताना राखून ठेवलेला वेगळा. सगळा वॉइट निकाल त्या एका ओळीत बसतो. लायसन्स आपल्याला लागतं, कारण आपण इथे पाहुणे आहोत. खरेदीखतावर आपली सही नाही.

नागपूरकर अर्धा दिवस गप्प होता. संध्याकाळी शीट अपडेट झाली. लायसन्सच्या कॉलममध्ये चौघांचे नंबर. माझ्या कॉलममध्ये 'तंबू भाड्याने, रात्री सोडायचा नाही.' आणि खाली पाचवा कॉलम, त्याने स्वतःहून घातलेला: 'रेडिओ.' लकूडरे जमात स्वतःचं एफएम स्टेशन चालवते, ८८.९ वर. हेवर्ड जवळ आलं की गाडीतली गाणी बंद करून ते लावायचं ठरलंय.

पुणेकर मात्र अजून बर्फावरच अडलाय. धरणाच्या पाण्यात खाली प्रवाह असतो, हिवाळ्यात पातळीही उतरते, त्यामुळे तिथल्या बर्फाचा भरवसा कमी. तिथल्या आमिषाच्या दुकानात फोन करून रोज जाडी विचारायची ड्यूटी त्याने घेतली आहे. १० इंच झाले की निघू. मासा मिळाला तर पुढच्या वीकेंडला कळवतोच. नाही मिळाला तरीही.