ब्राउन, एडी (अरीना फुटबॉलपटू)

अमेरिकेत बंदिस्त सभागृहांत खेळल्या जाणाऱ्या अरीना फुटबॉलमधील वाइड रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला पास झेलून चेंडू पुढे नेणारा खेळाडू. ‘टचडाउन’ एडी ब्राउन या नावाने तो ओळखला जातो. १९९४ ते २००३ असे दहा हंगाम तो फायरबर्ड्स या एकाच संघाकडून खेळला. त्यांतले पहिले सात न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे आणि शेवटचे तीन इंडियानापोलिसला झाले. अरीना फुटबॉल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याने १९९४, १९९६ आणि १९९९ असा तीनदा पटकावला. २००६ मध्ये, लीगच्या विसाव्या हंगामाच्या निमित्ताने, तोवरच्या २० सर्वश्रेष्ठ खेळाडूंची यादी जाहीर झाली. तिच्यात पहिले नाव ब्राउनचे होते.

याच नावाचा दुसरा एक प्रसिद्ध रिसीव्हर आहे. मायामी विद्यापीठातून आलेला आणि १९८५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडून पहिल्याच मोसमात गाजलेला एडी ब्राउन हा एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) या अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक लीगमधला खेळाडू. दोघेही पास झेलणारे आणि दोघांचेही मायामीशी नाते, त्यामुळे गल्लत वारंवार होते. प्रस्तुत नोंदीतला ब्राउन मूळचा मायामीचाच, पण महाविद्यालयीन फुटबॉल तो लुइझियाना टेकमध्ये खेळला.

ब्राउनची कामगिरी समजण्यासाठी तो ज्या मैदानावर खेळला ते आधी पाहावे लागते. या खेळाचा जनक जिम फॉस्टर. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सभागृहातील सॉकरचा सामना पाहत असताना, इतक्या जागेत अमेरिकन फुटबॉल बसवता येईल का, असा विचार त्याच्या मनात आला आणि जवळच्या पाकिटावरच त्याने मैदानाचा कच्चा आराखडा काढला. १९८६ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे चाचणी सामना झाला. पुढच्या वर्षी पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, डेन्व्हर आणि शिकागो अशा चार शहरांच्या संघांनिशी लीग सुरू झाली. १९९० मध्ये फॉस्टरला या खेळाचे पेटंटही मिळाले.

मैदान बर्फावरच्या हॉकीच्या रिंकएवढे असते. लांबी ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर, आणि रुंदी ८५ फूट, म्हणजे जेमतेम २६ मीटर. दोन्ही टोकांना ८ यार्डांचे एंड झोन; प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला किंवा झेलला की टचडाउन होतो. बाहेरच्या, म्हणजे उघड्या मैदानावरच्या, फुटबॉलमध्ये १०० यार्ड लांब आणि सुमारे ४९ मीटर रुंद मैदानावर अकरा-अकरा जण खेळतात, इथे आठ-आठ. सीमारेषेच्या जागी फोमची जाड गादी लावलेला कठडा असतो आणि त्याला लागूनच प्रेक्षकांच्या खुर्च्या. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच जाळ्या ताणलेल्या असतात. त्यांच्यावर आपटून परत आलेला चेंडू जमिनीला लागेपर्यंत जिवंत मानला जातो. चेंडू लांब लाथाडून प्रतिपक्षाच्या हवाली करण्याची, म्हणजे पंटची, मुभा नाही. त्यामुळे चौथ्या, म्हणजे अखेरच्या, प्रयत्नातही चेंडू गोलखांबांमधून लाथाडून फील्ड गोल मारायचा किंवा पुढे चाल करायची, एवढेच पर्याय उरतात. अशा मैदानावर दोन्ही संघांनी पन्नासच्या वर गुण करणे अजिबात नवलाचे नसते.

रिसीव्हरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम धावेच्या सुरुवातीचा. बाहेरच्या खेळात चेंडू खेळात येण्याआधी रिसीव्हरने जागेवर स्थिर राहावे लागते; फार तर एकाने चाल जिथून सुरू होते त्या रेषेला समांतर सरकावे. अरीना फुटबॉलमध्ये मात्र आक्रमण करणाऱ्या संघाच्या एका रिसीव्हरला मागून थेट रेषेच्या दिशेने धावत येण्याची परवानगी असते. वेगवान गोलंदाज जसा क्रीजपाशी पोहोचेपर्यंत पूर्ण वेगात आलेला असतो, तसा हा रिसीव्हर चेंडू हलण्याच्या क्षणी रेषेवर पोहोचतो. पाऊल क्षणभर आधी ओलांडले गेले तर दंड होतो, क्षणभर उशीर झाला तर मिळवलेला वेग वाया जातो. समोरचा बचावपटू तेव्हा बहुधा उभाच असतो. तो वळून धावू लागेपर्यंत रिसीव्हर त्याच्या बाजूला आलेला असतो. शिवाय लाइनबॅकरनी, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंनी, ठराविक चौकट सोडून मागे सरकायचे नाही, असे बंधन होते. त्यामुळे बहुतेक वेळा एका रिसीव्हरसमोर एकच बचावपटू असे.

हा फायदा कठडा बऱ्याच अंशी वसूल करून घेतो. बाहेरच्या मैदानात कडेचा पास झेलल्यावर रिसीव्हर रेषेबाहेर पळून टक्कर टाळू शकतो. इथे झेल घेताना त्याची पाठ किंवा बरगडी कठड्यापासून हातभर अंतरावर असते. बचावपटूने धक्का दिला की तो गादीवर आदळतो, कधी कधी वरून थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांत पडतो. चेंडूवर डोळे ठेवून कठड्याचे अंतर अंगानेच ओळखणे हे या खेळातले खरे कसब. बाहेरच्या मैदानावरून आलेल्या अनेक वेगवान खेळाडूंना ते अंगवळणी पडायला वेळ लागे.

२००६ पर्यंत लीगमध्ये आणखी एक कडक नियम होता. बहुतेक खेळाडूंनी आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळले पाहिजे. रिसीव्हरला त्यामुळे लाइनबॅकर किंवा मागचा बचावपटू म्हणूनही उभे राहावे लागे, आणि अशांना ‘आयर्नमॅन’ म्हणत. क्वार्टरबॅक, किकर यांसारख्या मोजक्यांनाच सूट होती. त्या मोजक्यांत ‘ऑफेन्सिव्ह स्पेशलिस्ट’ असे एक स्थान होते, म्हणजे केवळ आक्रमणात खेळणारा खेळाडू. संघाने आपला सर्वांत घातक रिसीव्हर या जागी ठेवायचा, हा सर्वमान्य डाव. ब्राउनची कारकीर्द प्रामुख्याने याच जागेवर घडली.

ऑल्बनी फायरबर्ड्स हा संघ १९९० पासून शहराच्या निकरबॉकर अरीनात खेळत असे. पुढे याच सभागृहाला पेप्सी अरीना हे नाव मिळाले. बड्या व्यावसायिक लीगांचा एकही संघ नसलेल्या या शहराने उन्हाळ्यातला हा खेळ मनापासून आपलासा केला. ब्राउन १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९५ मध्ये हा मान ऑर्लॅन्डो प्रिडेटर्सच्या बॅरी वॅग्नरकडे गेला, १९९६ मध्ये पुन्हा ब्राउनकडे आला, १९९७ मध्ये पुन्हा वॅग्नरकडे गेला. वॅग्नरचेही एकूण किताब तीनच. तो मात्र रिसीव्हर आणि लाइनबॅकर अशा दोन्ही जागी खेळणारा खराखुरा आयर्नमॅन होता, आणि दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद त्यामुळेच रंगतो. एका सामन्यात उचललेला भार मोजला तर वॅग्नरचे पारडे जड आहे. फक्त झेलण्याची आणि गुण मिळवण्याची कला पाहिली तर ब्राउनच्या जवळ जाणारा त्या काळात कोणी नव्हता, आणि २००६ च्या यादीने त्याच्याच बाजूने कौल दिला.

१९९९ हा त्याच्या कारकिर्दीचा कळस. माइक डेली या प्रशिक्षकाच्या आणि माइक पॉलॉस्की या क्वार्टरबॅकच्या साथीने फायरबर्ड्सने तेराव्या अरीनाबोलची, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याची, फेरी गाठली. २१ ऑगस्ट १९९९ रोजी हा सामना ऑल्बनीतच झाला. समोर आदल्या वर्षीचा विजेता ऑर्लॅन्डो होता. ऑल्बनीने ५९–४८ असा विजय मिळवला आणि ब्राउन सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हंगामाचा आणि अंतिम सामन्याचा असे दोन्ही मान त्याला एकाच वर्षी मिळाले. ऑर्लॅन्डोने पुढच्याच वर्षी विजेतेपद परत मिळवले, यावरून ऑल्बनीने हरवलेला संघ किती ताकदीचा होता हे कळते.

२००० च्या हंगामानंतर संघ इंडियानापोलिसला हलला आणि इंडियाना फायरबर्ड्स झाला. ब्राउन संघाबरोबर गेला. तिथले तीन हंगाम ऑल्बनीइतके गाजले नाहीत. २००३ नंतर तो थांबला आणि २००४ च्या हंगामानंतर संघही बंद पडला. दहा हंगामांत त्याच्या नावावर ९०० हून अधिक झेल, १२,००० हून अधिक यार्ड आणि ३०० हून अधिक टचडाउन झेल जमा झाले. एनएफएलमध्ये जेरी राइसचे वीस हंगामांतले टचडाउन झेल १९७ आहेत. पण हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून दोन खेळाडूंची उंची मोजता येत नाही, कारण निम्म्या लांबीच्या मैदानावर प्रत्येक चाल एंड झोनच्या आवाक्यात असते. ब्राउनची तुलना त्याच मैदानावर, त्याच कठड्यांमध्ये खेळलेल्यांशीच करायला हवी, आणि तिथे त्याचे स्थान पक्के आहे. पुढे डेमियन हॅरेलसारख्या रिसीव्हरांनी टचडाउनांचे आणखी मोठे डोंगर रचले. अरीना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ब्राउनचा समावेश झाला आहे.

लीगमधले मानधन एनएफएलच्या मानाने किरकोळ होते, आणि अनेकांची नजर त्या मोठ्या लीगकडे लागलेली असे. आयोवा बार्नस्टॉर्मर्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावणारा वॉर्नर १९९५ ते १९९७ अरीना फुटबॉल खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू झाला. त्याच्या कहाणीमुळे ही लीग म्हणजे वर जाण्याची शिडी, असा समज रूढ झाला. शिडी अर्थात फार थोड्यांच्या कामी आली. २००६ च्या यादीत वॉर्नर बाराव्या क्रमांकावर आहे. अरीना फुटबॉलमध्येच सगळी उमेद खर्च केलेला ब्राउन त्याच्या अकरा पायऱ्या वर आहे, आणि हा क्रम योग्यच म्हटला पाहिजे.

ब्राउनचा मुलगा अँटोनियो (जन्म १९८८) हाही वाइड रिसीव्हर झाला. सेंट्रल मिशिगन विद्यापीठातून आलेल्या अँटोनियोला पिट्सबर्ग स्टीलर्सने २०१० मध्ये सहाव्या फेरीत, १९५ व्या क्रमांकावर निवडले. २०१३ ते २०१८ अशा सलग सहा हंगामांत त्याने दर वेळी शंभराहून अधिक झेल घेतले. असे करणारा एनएफएलमधला तो पहिलाच खेळाडू. २०२३ मध्ये त्याने वडिलांच्या जुन्या शहरातला ऑल्बनी एम्पायर हा अरीना फुटबॉल संघ ताब्यात घेतला. आधीची दोन वर्षे नॅशनल अरीना लीग जिंकलेल्या या संघाला त्याच वर्षी जूनमध्ये, देणी थकल्याच्या कारणावरून, लीगने बाहेर काढले. मूळची अरीना फुटबॉल लीग २०१९ च्या हंगामानंतर बंद पडली होती. २०२४ मध्ये तिचे नाव नव्या चालकांनी पुन्हा वापरात आणले, तेव्हा ऑल्बनीच्या संघाने फायरबर्ड्स हेच नाव घेतले.